चोर सोडून हाडाला फाशी

‘खांद्याचं हाड वाढलंय. दुर्बिणीतून तीन भोकं पाडू, घासून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी.’ हे वाक्य दुबईत करामात ऐकू येतं, शारजात येतं, अबुधाबीच्या मुसफ्फात येतं. पुण्या-ठाण्यात तर येतंच. सांगणाऱ्याचा आवाज इतका ठाम की ऐकणारा मान डोलावतो आणि तारीख घेऊनच बाहेर पडतो. मला या वाक्याचा राग आहे. त्यातलं ते ‘घासून टाकू’ वैद्यकशास्त्राने स्वतःच घेतलेल्या परीक्षेत सपशेल नापास झालेलं आहे. निकाल लागला, जगभर छापून आला, आणि तरी दुकान उघडंच!

मी दुबईत आरोग्य विम्याच्या अप्रूव्हलच्या टेबलावर काम करते. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटल फाइल पाठवतं, ती वाचायची, प्रश्न लावायचे, हो किंवा नाही म्हणायचं. त्या फायलींत एक आकडा आता माझ्या तोंडपाठ आहे: २९८२६. दुर्बिणीतून खांद्याच्या टोकाचं हाड तासण्याचा हा बिलाचा कोड. सोबत आजाराचा कोड एम ७५.४, म्हणजे शोल्डर इम्पिंजमेंट. विम्यात काम करणारी बाई ऑपरेशनविरुद्ध बोलणारच, असं कुणी पुटपुटेल. पुटपुटू द्या. विमावाल्यांचा हिशेबही याच लेखात होणार आहे.

आधी या ऑपरेशनमागचा सिद्धान्त बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. हात वर उचलला की खांद्याच्या टोकाचं हाड आणि दंडाच्या हाडाचं डोकं यांच्या मधल्या जागेतून एक कंडरा सरकते. चार्ल्स नीअर या न्यूयॉर्कच्या बड्या सर्जनने १९७२ साली मांडलं की वरचं हाड या कंडरेला घासतं. ती सुजते, झिजते, शेवटी फाटते. तेव्हा हाडाचा पुढचा भाग कापा आणि जागा मोकळी करा. विहिरीच्या काठावर घासून दोर तुटावा, तसं. पुढे १९८३ साली त्यांनी आकडाही देऊन टाकला: कंडरा फाटण्याची ९५ टक्के प्रकरणं या घासण्यातूनच सुरू होतात. पंचाण्णव! १९८६ साली लुई बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी त्या हाडाचे तीन आकार ठरवले, सपाट, वळलेला आणि आकडीसारखा. १९८७ साली हार्वर्ड एलमन यांनी हेच काम दुर्बिणीतून करून त्याचे निकाल छापले. चित्र काढून दाखवायला सोपं, पेशंटला पटायला त्याहून सोपं. मग हवंय कशाला आणखी काही?

हवा होता पुरावा. नीअर यांच्या मूळ लेखात तुलनेला दुसरा गटच नव्हता. ऑपरेशन केलं, बरे वाटले, छापलं. आणि सिद्धान्ताच्या बुडातच एक भोक होतं. ही कंडरा अर्धवट फाटते तेव्हा बहुतेकदा ती खालच्या, सांध्याकडच्या बाजूने फाटते. हाड तर वर आहे! वरून घासणाऱ्या हाडाने खालची बाजू फाडली कशी? वय, मधुमेह, अतिश्रम, सवय नसताना अचानक पडलेला भार, कंडरेची आतून होणारी झीज, हे खरे संशयित. ते मोकळे फिरतात आणि हाडावर कानस चालते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

‘पण एमआरआयमध्ये दिसतंय ना!’ हे या पंथाचं ब्रह्मास्त्र. काय दिसतंय? खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय १९९५ साली काढून पाहिले गेले. साठी ओलांडलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांच्या कंडरेत फाट निघाली. दुखणं नाही, कुरकुर नाही, फाट मात्र आहे. २०११ च्या एका पाहणीत ४० ते ७० वयाच्या, खांदा मुळीच न दुखणाऱ्या ५१ पुरुषांची सोनोग्राफी झाली. ९६ टक्के लोकांच्या खांद्यात काही ना काही बिघाड सापडला. म्हणजे चाळिशीनंतर ज्याच्या खांद्यात मशीनला काहीच सापडत नाही, तोच विरळा. हे दाढीवाल्यांच्या दाढीत पांढरे केस शोधून त्यावर उपचार सुचवण्याइतकं हास्यास्पद आहे. आणि तरी ‘मध्यम टेंडिनोसिस, बर्सायटिस, टाइप टू अ‍ॅक्रोमियन’ या तीन शब्दसमूहांनी धडधाकट माणसाचा चेहरा उतरतो.

इंग्लंडमध्ये या तर्काने काय केलं बघा. २००० च्या सुमारास तिथे वर्षाला अडीच हजार ऑपरेशनं होत. दहा वर्षांत ती एकवीस हजारांवर गेली. दहा वर्षांत इंग्रजांच्या खांद्यांची हाडं आठपट वाढली का? वाढली ती फक्त दुर्बिणीची उपलब्धता आणि ती वापरण्याची हौस.

मग काही प्रामाणिक सर्जनांनीच ठरवलं, आता तपासूया. यांना माझा मनापासून मुजरा आहे, कारण स्वतःच्या कमाईच्या मुळावर येणारा प्रश्न विचारायला छाती लागते. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने ३२ हॉस्पिटलं, ५१ सर्जन आणि ३१३ रुग्ण घेऊन चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसे तीन गट पाडले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटाला भूल दिली, भोकं पाडली, दुर्बीण आत फिरवली आणि काहीही न कापता बाहेर काढली. आपलं हाड तासलं की नाही, हे या दोन्ही गटांतल्या रुग्णांना सांगितलं नाही. तिसऱ्या गटावर काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी ४८ पैकी गुण मोजले. हाड तासलेले: ३२.७. नुसती दुर्बीण फिरवलेले: ३४.२. काहीच न केलेले: २९.४.

पुन्हा वाचा. हाड न तासलेले दीड गुणाने पुढे! तो दीड गुण किरकोळ आहे, त्याला महत्त्व देऊ नका. पण हाड तासण्याने पदरात काय पडलं, याचं उत्तर स्वच्छ आहे: शून्य. काहीच न केलेला गटही सुधारला. दोन्ही ऑपरेशनवाले त्याच्यापेक्षा थोडे पुढे राहिले, पण रोजच्या जगण्यात फरक जाणवावा इतके नाहीत. हे सगळं लॅन्सेटने २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये छापलं. २०१८ साली फिनलंडमधली २१० रुग्णांची चाचणी बीएमजेमध्ये आली. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले, दोन वर्षांनी सारखेच. पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही सारखेच. २०१९ मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने तेच सांगितलं. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बीएमजेने बसवलेल्या समितीने, ज्यात सर्जन होते, फिजिओ होते आणि स्वतः रुग्णही होते, ठणकावून शिफारस केली: हे ऑपरेशन करू नका.

शास्त्रात इतका निःसंदिग्ध निकाल क्वचित लागतो. त्यावर ऑपरेशनवाल्यांची उत्तरं ऐकण्यासारखी आहेत.

उत्तर पहिलं: ‘आमचे पेशंट वेगळे, आम्ही निवडून घेतो.’ इंग्लंडमधल्या त्या ५१ सर्जनांनी काय रस्त्यावरून माणसं उचलली होती? ऑपरेशनला योग्य म्हणून त्यांनीच ती निवडलेली होती.

उत्तर दुसरं: ‘आम्ही व्यायाम आणि इंजेक्शन फसल्यावरच कापतो.’ चाचणीत शिरायची अटच ती होती! किमान तीन महिने दुखणं, व्यायामाचा कार्यक्रम पुरा केलेला, किमान एक स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं. म्हणजे ज्यांच्यासाठी हे ऑपरेशन राखून ठेवलं असं सांगतात, नेमक्या त्यांच्यावरच ते फोल ठरलं.

उत्तर तिसरं जरा हुशारीचं: ‘फिनलंडच्या चाचणीत नुसता व्यायाम करणारा तिसरा गटही होता, त्याच्यापेक्षा ऑपरेशनवाले पुढे होते.’ होते, अंशभर. तो फरक जाणवण्याइतका नव्हता. शिवाय आपल्याला ऑपरेशन मिळालेलं नाही, हे व्यायामवाल्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि नुसती दुर्बीण फिरवलेला गटही तितकाच पुढे होता, त्याचं काय? मग हाड कापायचं कशाला?

उत्तर चौथं पेशंटच्या तोंडून येतं, आणि ते मला सर्वांत जास्त छळतं: ‘अहो ताई, पण माझा खांदा तर ऑपरेशननंतरच बरा झाला!’ झाला असेल, आनंद आहे. पण ऑपरेशननंतर तुम्ही सहा आठवडे डोक्यावर हात नेऊन काम केलं नाही. ऑपरेशनआधी कुणी दिला नव्हता असा रीतसर व्यायाम तुम्हाला नंतर मिळाला. आणि हे दुखणं बहुतेकांचं वेळ गेला की आपोआपही ओसरतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. कावळ्याने बिल मात्र फांदी मोडल्याचं लावलं.

आता या देशाकडे या. फाइल कशी असते, ते जवळून दाखवते. माणूस पंचेचाळिशीचा, खेडचा. छताखाली एसीचे डक्ट बसवतो, म्हणजे दिवसभर दोन्ही हात डोक्याच्या वर. उजवा खांदा चार महिने दुखतोय. अर्जात इंग्रजीत लिहिलेलं असतं: फिजिओथेरपीचा उपयोग झाला नाही. मी फिजिओची बिलं उघडते. दोन बैठका. पहिलीत शेक आणि मशीन, दुसरीत शेक आणि मशीन. व्यायाम? एकही नाही. त्याला कुणी रबराचा पट्टा हातात दिला नाही, वजन किती उचलायचं सांगितलं नाही, आठवड्यागणिक भार वाढवला नाही. पालथा पडून शेक घेतला आणि उपचार ‘फसला’. मी प्रश्न लावते: व्यायामाचा तपशील द्या. उत्तरात तेच वाक्य, तसंच, स्वल्पविरामासकट परत येतं. साखर तपासली का, विचारलं की शांतता. मधुमेहात खांदा आखडतो, फ्रोझन शोल्डर होतो, ही गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते; पण रक्ताचा साधा रिपोर्ट जोडायच्या आधी एमआरआयची सीडी जोडलेली असते!

आणि आता विमावाले. दुबईत २०१३ च्या कायद्याने प्रत्येकाला विमा सक्तीचा झाला. कमी पगाराच्या कामगारासाठी जी मूलभूत योजना आहे, तिच्यात वर्षाला दीड लाख दिरहमपर्यंतचं संरक्षण आहे. फार मोठी गोष्ट आहे ती, आणि कामगारांना विमाच नसण्याचा काळ आठवणाऱ्याला तिचं मोल कळतं. पण त्याच योजनेत फिजिओथेरपीच्या बैठका किती? वर्षाला ६. फिनलंडच्या चाचणीत व्यायामवाल्या गटाला किती दिल्या? १५. ज्या उपचाराने माणूस कापाकापीशिवाय बरा होऊ शकतो, त्याला सहाची वेसण. आणि ज्याचा उपयोग नाही हे सिद्ध झालंय, ते हजारो दिरहमांचं ऑपरेशन कागद जुळले की मंजूर! हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? सहा बैठका देऊन ‘व्यायाम फसला’ असा शिक्का मारायचा आणि माणसाला टेबलावर झोपवायचं, हा उपचार म्हणायचा की सापळा?

२०२५ च्या १ जानेवारीपासून शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन इथेही खासगी कामगारांना आणि घरकामगारांना विमा सक्तीचा झाला, वर्षाला ३२० दिरहमांपासून. चांगलं झालं. लाखो नवे खांदे या व्यवस्थेत आले, आणि त्यातले बहुतेक खांदे रंगारी, सुतार, जिप्समवाले, घरकाम करणाऱ्या बाया यांचे आहेत, म्हणजे दुखणारच. त्यांच्या वाट्याला व्यायाम येणार की कानस, हे आत्ताच ठरवायला हवं.

कारण इथे ऑपरेशनची किंमत बिलावर थांबत नाही. इथल्या कामगार कायद्यात आजारपणाची रजा वर्षाला ९० दिवस: पहिले १५ पूर्ण पगारी, पुढचे ३० अर्ध्या पगारी, उरलेले ४५ बिनपगारी. रजा संपूनही माणूस रुजू झाला नाही, तर मालक नोकरी संपवू शकतो. आणि इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. खांद्याच्या ऑपरेशननंतर डोक्यावर हात नेऊन करायचं जड काम पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन महिने सहज जातात. खेडच्या त्या माणसाने पंधराव्या दिवसानंतर घरी काय पाठवायचं? भूल, जंतुसंसर्ग, ऑपरेशनमुळेच आखडलेला खांदा, हे धोके वेगळेच. ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणणाऱ्याने त्याचं घरभाडं भरलंय का कधी?

ज्यांना परवडतं ते म्हणतात, इथे नको, सुट्टीत पुण्याला करून घेऊ. जिथे पेशंट पाठवण्याबद्दल ‘कट’ मिळतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तिथे! २०१७ साली मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने डॉक्टरांना कमिशन देत नसल्याचा फलक लावला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने तक्रार केली ती त्या फलकाविरुद्ध. कमिशनची लाज नाही वाटली, फलकाची वाटली. त्याच वर्षी सरकारने समिती नेमून कटविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला, आणि तो मसुदा धूळ खात पडला. तेव्हा विमानाचं तिकीट काढून दुसरं मत घ्यायला निघालेल्या माझ्या सुशिक्षित मित्रांनो, मत बदलण्याआधी प्रश्न बदला.

मी सर्जनांच्या विरोधात नाही. अपघातात कंडरा एकाएकी पूर्ण फाटली, खांदा वारंवार निखळतोय, हाड मोडलंय, गाठ आहे, जंतुसंसर्ग आहे, तर सर्जनच हवा आणि तातडीने हवा. हात एकदम उचलताच येईना झाला, ताप आला, रात्री झोप उडवणारी कळ थांबेना, तर व्यायामाच्या भरवशावर बसू नका. माझा वाद एकाच गोष्टीशी आहे: कंडरा शाबूत असताना ‘जागा मोकळी करायला’ तासलेल्या हाडाशी.

या लढाईचा जुना नायक खांद्याचाच डॉक्टर होता. बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पण त्याच्या वीस वर्षं आधी त्यांनी एक साधी मागणी केली होती. हॉस्पिटलने प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं ते तपासावं आणि जाहीर करावं. १९१५ साली त्यांनी भर सभेत व्यंगचित्र लावलं: वाळूत डोकं खुपसलेला शहामृग सोन्याची अंडी घालतोय आणि डॉक्टरमंडळी ती गोळा करताहेत. बोस्टनच्या प्रतिष्ठितांनी त्यांना वाळीत टाकलं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला. शहामृगाचं डोकं अजून वाळूतच आहे, आणि वाळूची तर इथे कमी नाही.

पण इथे एक सोय आहे जी कॉडमनच्या स्वप्नातही नव्हती. दुबईतला प्रत्येक क्लेम ई-क्लेमलिंकवरून जातो, अबुधाबीतला शफाफियावरून. प्रत्येक हॉस्पिटलने २९८२६ किती वेळा लावला, त्याआधी त्या माणसाला व्यायामाच्या किती बैठका मिळाल्या, सहा महिन्यांत तो पुन्हा खांद्यासाठी आला का, सगळं यंत्रात आहे. मोजा. हॉस्पिटलच्या नावानिशी छापा. फक्त इम्पिंजमेंटसाठी हा कोड आला तर पैसे देणं बंद करा, आणि ते पैसे सहाच्या पंधरा बैठका करायला वापरा. २०१६ चा इथला वैद्यकीय दायित्व कायदा सांगतो की ऑपरेशन गरजेचं आहे याची तपासणीने खात्री करा आणि रुग्णाची लेखी संमती घ्या. मग त्या संमतीपत्रात, रुग्णाला कळेल त्या भाषेत, हेही लिहा: ‘चाचण्यांमध्ये हे ऑपरेशन आणि खोटं ऑपरेशन यांचा निकाल सारखाच लागला आहे.’ हे वाचून किती जण सही करतात, ते मला बघायचंय.

तोवर तुम्ही एवढं करा. ‘हाड वाढलंय’ ऐकलं की तारीख घेऊ नका, तीन प्रश्न विचारा. माझी कंडरा पूर्ण फाटली आहे का? हाड तासल्याने नुसत्या दुर्बिणीपेक्षा जास्त फायदा होतो, हे कुठल्या चाचणीत दिसलं? आणि बारा आठवडे भार वाढवत नेऊन व्यायाम केला तर माझं काय नुकसान होईल? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल आणि उरलेल्या दोहोंवर समोरचा चिडला, तर फाइल उचला आणि बाहेर पडा. व्यायाम कंटाळवाणा आहे, दुखतं, महिनोन्‌महिने चालतो, त्याचा फोटो स्टेटसला टाकता येत नाही. पण त्यात तुमचं हाड तुमच्याकडेच राहतं, आणि नोकरीही.